फुकटचे पट्टे

विम्याच्या दाव्यांची तपासणी करणाऱ्या माणसाशी संसार करायचा, म्हणजे घरात कुठलीही वस्तू सरळ दारातून आत येत नाही. आधी तिची उलटतपासणी होते. डॉक्टरला याची लग्नापासून सवय होती. ती इस्पितळात भूल द्यायचं काम करायची. दिवसभर माणसं तिच्या भरवशावर डोळे मिटायची, आणि संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा नवरा चष्मा कपाळावर चढवून दुधाच्या बाटलीवरची तारीख वाचत असायचा. जळालेली गोदामं, दरीत गेलेल्या गाड्या आणि पैसे मिळावेत म्हणून स्वतःहून मोडलेले पाय बघण्यात त्याची हयात गेली होती. ओळखीचे लोक त्याला तपासनीसच म्हणत, आणि त्याला ते आवडायचं.

अशा माणसाच्या बायकोने चाळिशी उलटल्यावर विमानातून उड्या मारायला सुरुवात केली. आधी एकदा, इस्पितळातल्या मैत्रिणीच्या नादाने, शिक्षकाच्या पोटाला बांधून घेऊन. मग एकटीने. मग सुटीचा दिवस आला की तिला घरात चैन पडेना. तपासनीसाने तिला अडवलं नाही. "नको म्हटलं असतं तर तू गेलीच असतीस," तो म्हणाला, "आणि मला न सांगता गेली असतीस." त्यापेक्षा तो तिच्याबरोबर उड्यांच्या क्लबच्या मैदानावर यायचा, हँगरच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे असा बघायचा, की ज्यांचं काही चुकलं नव्हतं तेही चाल बदलायचे.

आतापर्यंत ती क्लबचं पॅराशूट वापरत होती. आता तिला स्वतःचं हवं होतं, आणि त्यासाठी ती दोघं आत्याकडे गेली.

आत्या म्हणजे मैदानावरची रिगर. पॅराशूट तपासणं, दुरुस्त करणं, राखीव छत्री घडी घालून मोहोरबंद करणं हे तिचं काम. क्लबच्या मालकाची ती सख्खी आत्या, म्हणून सगळ्यांचीच आत्या. हँगरच्या कोपऱ्यात तिची लांबट खोली होती. खोलीभर एक टेबल, जाड पट्टे शिवायचं एक भलंमोठं मशीन, भिंतीवर कात्र्या आणि चिमटे. बोलायला लागली की आत्या मशीनपेक्षा जास्त आवाज करायची.

"बाकीचं सगळं झालं," तिने डॉक्टरच्या खांद्यांची मापं घेऊन फीत गळ्यात टाकली. "आता रायझर सांग. रुंद की अरुंद?"

रायझर म्हणजे खांद्यांपासून वर छत्रीच्या दोऱ्यांपर्यंत जाणारे पट्टे. हवेत माणूस लटकतो तो त्यांनाच. आत्याने दोन्ही प्रकार टेबलावर टाकले. रुंद पट्टा चांगला तीन बोटं होता, गाडीतल्या सीटबेल्टसारखा. अरुंद त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. दोन्हींच्या खालच्या टोकाला लोखंडी कड्या होत्या. त्या एकात एक ओवून अंगावर चढवायच्या हार्नेसवरच्या कडीला अडकवायच्या आणि वरून एका छोट्या फासात पिवळी वायर सरकवायची. छत्री धड उघडली नाही, तर छातीवरची मूठ ओढायची. वायर निघते, कड्या एकापाठोपाठ उलटतात, बिघडलेली छत्री सुटून जाते आणि राखीव छत्रीला जागा होते.

"रुंद पट्ट्याला मोठ्या कड्या लावते मी, अरुंदाला छोट्या," आत्या म्हणाली. "तुझ्या हार्नेसवर कुठली कडी शिवायची ते त्यावर ठरणार. एकदा शिवली की झालं. लग्नासारखं आहे."

"लग्न हल्ली मोडता येतं, आत्या."

"मोडता येतं गं. उसवता येत नाही."

तपासनीसाने रुंद पट्टा उचलून बघितला. "तुमचं मत काय?" त्याने विचारलं.

"रुंद. मोठ्या कड्या भार जास्त वाटून घेतात. वायर ओढायला जोर कमी लागतो. हिचे हात बघा, लहान मुलीसारखे आहेत."

"तुमच्याकडे रुंदच जास्त शिल्लक आहेत वाटतं?"

आत्याने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "पाहुणे, माझ्याकडे दोन्ही शिल्लक आहेत. चहा घेणार का?"

परतताना गाडीत तो म्हणाला, "चहाचं मध्येच का काढलं तिने?"

"अहो, चहाची वेळ झाली होती म्हणून."

"असेल," तो म्हणाला. त्याच्या तोंडून 'असेल' आलं की त्याचा अर्थ 'नसेल' असाच घ्यायचा, हे ती जाणून होती.

पुढच्या सुटीला बगळा भेटला. हा तिचा शिक्षक. मान लांब, पाय त्याहून लांब, आणि विचार करताना एका पायावर उभं राहून दुसऱ्याने पोटरी खाजवायची सवय, त्यामुळे हे नाव त्याला पहिल्याच दिवशी चिकटलं होतं. त्याच्या बायकोला सगळे आपोआप बगळी म्हणत, ती बुटकी आणि गोल असली तरी. तीही उड्या मारायची.

"रुंद?" बगळा हसला. "आत्याचा जीव जुन्यात अडकलाय, डॉक्टर. अरुंद घ्या. वारा कमी अडतो, हातात नीट मावतात, पुढचे पट्टे ओढून छत्री वेगाने उतरवायची असेल तर बोटांना त्रास नाही. मी तेच वापरतो. आज निम्मं मैदान तेच वापरतं." मग तो घुटमळला. "माझ्याकडे एक जोडी पडून आहे. नवीकोरी. तुम्ही घ्या."

"किती द्यायचे?"

"काही नाही हो. कपाटात ठेवून काय करू? कोणाच्या तरी उपयोगी पडू देत." त्याने गाडीतून एक कापडी थैली आणून तिच्या हातात दिली आणि तिने आभार मानायच्या आत तो पुढच्या तुकडीकडे निघूनही गेला.

हे सगळं तपासनीसाने खुर्चीवरून बघितलं होतं.

घरी गेल्यावर त्याने जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलं, थैलीतले पट्टे त्यावर सरळ मांडले आणि भिंग आणलं. डॉक्टर भाजी चिरत होती.

"फुकट ते पौष्टिक म्हणणाऱ्यांच्या जिवावरच माझा पगार चालतो," तो म्हणाला. "नवेकोरे म्हणाला ना? इकडे ये."

ती हात पुसत आली. खालच्या शिवणीतलं लेबल कापलेलं होतं. त्याचा चिमूटभर तुकडा तेवढा टाक्यात राहिला होता.

"नव्या वस्तूचं लेबल कोण कापतं?"

"मला काय माहीत."

"आणि हे." ज्या पट्टीवर सुकाणूची मूठ चिकटवून ठेवतात, तिच्या काटेरी भागात एक केस अडकला होता. त्याने तो चिमट्याने ओढून वर धरला. लांब होता, चांगला हातभर. "बगळ्याचं डोकं तर तुळतुळीत आहे. हे बाईने वापरलेत."

"बगळीने एकदा बघितले असतील. तिचे केस लांब आहेत."

"मग ती का नाही वापरत? त्याने फुंकर मारल्यासारखं देऊन टाकलं. पाठ फिरवून गेला. देणारा माणूस थांबतो, बघतो समोरच्याला आनंद झाला का. जो पळतो, तो वस्तूपासून पळतो."

डॉक्टर हसली. पण भाजी चिरताना तिच्या डोक्यात ते वाक्य राहिलं. बगळा खरंच थांबला नव्हता.

त्यानंतर तपासनीसाने आपलं नेहमीचं काम सुरू केलं. पुढच्या फेरीत खुर्चीवर न बसता तो कँटीनच्या गल्ल्याशी जाऊन उभा राहिला. तिथल्या बाईंशी आधी हवेवर बोलला, मग गुडघेदुखीवर, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं. बगळी गेले कित्येक आठवडे मैदानावर फिरकली नाही, असं त्या बाई म्हणाल्या. आधी एक सुटी चुकवायची नाही. काय झालं म्हणून विचारलं तर बगळा म्हणतो, बरं नाही. काय बरं नाही, ते सांगत नाही. विमान उडवणाऱ्याकडूनही तेच निघालं, वर एवढंच की शेवटी आली तेव्हा ती गाडीतच बसून होती, उतरली नाही, आणि रडल्यासारखी दिसत होती.

"दोन आणि दोन चार," त्या संध्याकाळी तो बायकोला म्हणाला. "या पट्ट्यांवर तिला काहीतरी झालंय. पडली असेल, खांदा निखळला असेल. क्लबने दाबून टाकलं. आणि आता ती जोडी आपल्या गळ्यात. त्याच्या मनाला टोचतंय म्हणून फुकट."

"अहो, बगळा असा नाही."

"आग लावणारा कोणीच 'असा' नसतो. शेजाऱ्यांना विचारलं तर सगळे म्हणतात, फार सज्जन."

"मी त्यालाच विचारते."

"विचार. पण तो बोलताना तोंडाकडे बघू नकोस, हाताकडे बघ."

तिने विचारलं. पॅराशूट घडी घालायच्या सतरंजीवर दोघं गुडघ्यांवर बसली होती. "बगळ्या, ते पट्टे तू कोणासाठी घेतले होतेस?" तिने शक्य तितकं साधेपणाने विचारलं. आणि तिला नको असूनही तिची नजर त्याच्या हातांवर गेली. दोऱ्या सरळ करणारे ते हात थांबले. "होते एकीसाठी," तो म्हणाला. "आता नको आहेत तिला." मग त्याने उगीच एक दोरी पुन्हा सरळ केली, जी आधीच सरळ होती.

संशयाचं असं असतं, एकदा घरात घुसला की तो पाहुण्यासारखा बाहेरच्या खोलीत बसत नाही. डॉक्टर रोज मॉनिटरवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवायची, नर्सने भरून दिलेल्या सिरिंजवर विश्वास ठेवायची. आता ती सिरिंजवरची चिठ्ठी पुन्हा वाचू लागली. नर्सच्या ते लक्षात आलं आणि तिला वाईट वाटलं. आत्याचं सुद्धा काहीतरी असेल का? रुंद घे म्हणून ती इतकी का मागे लागली? अरुंद पट्ट्यांचं काही माहीत असून ती बोलत नाही? आपल्याच डोक्यात आपल्या नवऱ्याचा आवाज ऐकू येतोय, हे जाणवून तिला चीड आली. पण आवाज थांबेना.

त्या सुटीला आकाश स्वच्छ होतं. तिने क्लबचंच पॅराशूट चढवलं. विमानात चढायच्या आधी बगळ्याने रिवाजाप्रमाणे तिची तपासणी केली. खांद्यावरच्या कड्या, पिवळी वायर, छातीचा पट्टा, पाठीवरची पिन. एरवी ती त्याच्याशी बोलत राहायची. आज ती त्याच्या बोटांवर डोळे लावून उभी होती. उजव्या कडीपाशी त्याचं बोट जरा जास्त रेंगाळलं का? की तिला तसं वाटलं?

"ठीक?" त्याने विचारलं.

"ठीक," ती म्हणाली.

वर गेल्यावर दार उघडलं. थंड हवा आत घुसली, खाली शेतांचे तुकडे चादरीसारखे पसरले होते. तिच्या आधीचे तिघे गेले. बगळ्याने तिला खूण केली. ती दाराच्या चौकटीपर्यंत सरकली, चौकट धरली आणि तिला कळलं की आपण मनातल्या मनात त्या कड्या पुन्हा तपासतोय. डावी, उजवी, पुन्हा डावी. भीती तिला नवी नव्हती, भीतीला घेऊन उडी मारता येते हे तिला माहीत होतं. हे वेगळं होतं. ज्या माणसाने तिला उडी मारायला शिकवलं, तो मागे उभा होता आणि तिला त्याच्याकडे पाठ करवत नव्हती.

तिने मान हलवली आणि मागे सरकून बसली. बगळ्याने दार ओढून घेतलं आणि तोही तिच्यासोबत विमानातूनच खाली आला. मैदानावर तसा नियम होता, की कोणी मागे हटलं तर त्याला दोष द्यायचा नाही. त्याने तो पाळला. उतरताना फक्त म्हणाला, "होतं असं, डॉक्टर. पुढच्या वेळी."

पण खाली तपासनीस वाट बघत होता. सगळ्यांच्या छत्र्या उतरल्या, बायकोची उतरली नाही, आणि मग ती विमानाच्या शिडीवरून उतरताना दिसली, पांढरीफटक. त्याने कापडी थैली उचलली आणि थेट हँगरमध्ये शिरला. तिथे आत्या होती, मघाशी उतरलेले तिघे होते, कँटीनच्या बाई रिकामे कप गोळा करत होत्या. बगळा आत येताच त्याने थैली टेबलावर ठेवली.

"एकच विचारायचंय," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. कार्यालयात समोरच्याला खुर्चीवर बसवून विचारायचा तसाच होता. "या पट्ट्यांनी तुमच्या बायकोला काय झालं?"

"अहो, नको," मागून डॉक्टर म्हणाली.

"थांब. कित्येक आठवडे ती इथे आलेली नाही. पट्ट्यांवर तिचा केस आहे. लेबल कापलंय. तुम्ही सगळ्यांना सांगता, बरं नाही. काय बरं नाही? माझी बायको ज्यावर लटकणार आहे, त्याचा इतिहास विचारायचा मला हक्क आहे."

बगळ्याने हातातलं हेल्मेट टेबलावर ठेवलं. मग त्याने सगळ्यांकडे एकदा बघितलं, जणू कोणकोण ऐकतंय ते बघावं.

"तिला दिवस गेलेत," तो म्हणाला. "याआधी दोनदा गेले होते. दोन्ही वेळा आम्ही सगळ्यांना पेढे वाटल्यासारखं सांगत सुटलो, आणि दोन्ही वेळा नंतर सगळ्यांना पुन्हा सांगावं लागलं. म्हणून या वेळी तिने मला शपथ घातली होती. तिचे पट्टे आहेत ते. तिच्या वाढदिवसाला घेतले होते. ती म्हणाली, आता काही वर्षं नको, समोर दिसले की जीव कासावीस होतो, देऊन टाक कोणाला तरी. आणखी काय विचारायचंय?"

कँटीनच्या बाई जमिनीकडे बघू लागल्या. डॉक्टरला वाटलं, आत्ता धरणी दुभंगली तर बरं.

तपासनीसाचा चेहरा उतरला होता. दुसरा कोणी असता तर तिथेच हात जोडून बाहेर पडला असता. पण त्याचा हात अजून थैलीवर होता.

"मला माफ करा," तो म्हणाला. "मी हे विचारायला नको होतं. पण... पट्टे तेवढे ओढून बघितलेत का कोणी?"

"पाहुणे," आत्या दबक्या आवाजात म्हणाली, "पुरे. मी बघितलेत ते, त्याने घेतले तेव्हाच. शिवण चांगली आहे."

"डोळ्यांनी बघितलेत की भार टाकून?"

बगळ्याच्या मानेवरची शीर उठली होती. "टाका भार," तो म्हणाला. "आत्ता टाका. माझाच टाका. एकदाचं याचं समाधान होऊ दे."

हँगरच्या छताखाली एक तुळई होती, नवशिक्यांना लटकवून सराव द्यायची. आत्याने छोट्या कड्यांचं एक जुनं हार्नेस काढलं, त्याला बगळ्याने दिलेले पट्टे लावले, पिवळी वायर सरकवली. बगळा आत शिरला. हवेत गरगर फिरताना भार दुप्पट-तिप्पट होतो, म्हणून आत्याने त्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या बांधल्या. खाली गाद्या टाकल्या. त्याला वर ओढून घेतलं, आणि तो लांब पाय लोंबकळत, लाल चेहऱ्याने तपासनीसाकडे बघत टांगून राहिला.

"बघा," तो म्हणाला आणि छातीवरची मूठ ओढली.

डावा पट्टा क्षणात सुटला. उजवा सुटला नाही.

तो एका खांद्यावर तिरका झाला, पिशव्या एकीकडे घसरल्या, तुळई करकरली. त्याने मूठ पुन्हा ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. त्याचे दात आवळलेले दिसत होते. पिवळी वायर जागची हलत नव्हती. कोणीतरी पुढे झालं, आत्याने हाताने थांबवलं. तिसऱ्यांदा त्याने अंगाला हिसका देऊन ओढलं तेव्हा कड्या उलटल्या आणि तो गादीवर आदळला.

बगळा उठला नाही. गादीवर बसूनच त्याने उजवा पट्टा ओढून मांडीवर घेतला आणि कड्यांकडे बघत राहिला. आत्या गुडघे टेकून त्याच्याशेजारी बसली. तिने कड्या पुन्हा ओवल्या, बोटाने दाबून बघितल्या, डाव्याशी जुळवल्या.

"मधल्या कडीची फीत," शेवटी ती म्हणाली. नेहमीचा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "किंचित वाकडी शिवलीय. कडी पुरती आडवी बसत नाही. भार वाटला जायचा तो सगळा फासावर येतो, आणि फास वायर चावतो. नुसतं बघून नाही कळलं मला. कळायला हवं होतं."

"वरती सुटला असता का?" डॉक्टरने विचारलं.

"माहीत नाही गं. कदाचित सुटला असता. याने सोडवलाच ना शेवटी. पण याचे हात बघ, आणि..." ती थांबली.

"आणि तिचे बघ," बगळ्याने तिचं वाक्य पुरं केलं. तो पट्ट्याकडेच बघत होता. "वाढदिवसाच्याच आठवड्यात ती यावर पहिली उडी मारणार होती. हार्नेसला अडकवूनही ठेवले होते. आणि तिने दिवस गेलेत का याची चाचणी करून बघितली."

तपासनीस जवळ उभा होता. आयुष्यभर ज्या क्षणासाठी तो माणसांना प्रश्न विचारत आला होता तो क्षण हाच, वस्तूने त्याच्या बाजूने साक्ष दिली होती. पण त्याला कुठे बघावं ते सुचेना. त्याने वाकून बगळ्याला उठवायला हात दिला. बगळ्याने तो हात घेतला नाही. स्वतःच उठला आणि फोन कानाला लावत बाहेर गेला. काचेतून तो दिसत होता, एका पायावर न उभा राहता, दोन्ही पायांवर, पाठमोरा.

घरी परतताना डॉक्टर बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती.

"काहीतरी बोल," तो म्हणाला.

"काय बोलू? तुम्ही नसता तर मी ते पट्टे लावले असते."

"मग?"

"मग काही नाही. तेही खरं, आणि त्या पोरीची गोष्ट तुम्ही कप धुणाऱ्यांसमोर चव्हाट्यावर आणलीत, तेही खरं. मला दोन्हींचा राग एकदम येतोय, आणि कुठला आधी काढावा ते कळत नाहीये."

त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "मला तिथेच थांबता आलं असतं," तो म्हणाला. "खाजगीत विचारता आलं असतं. मला भीती वाटली की खाजगीत तो खोटं बोलेल."

"तुम्हाला सगळेच खोटं बोलतील असं वाटतं."

"तू सोडून."

"गेल्या महिन्यात मी सिरिंजवरच्या चिठ्ठ्या पुन्हा वाचायला लागले," ती म्हणाली. "तुमच्यामुळे. मला तसं जगायचं नाही. निघा आता, मागून गाड्या येतायत."

दुसऱ्या दिवशी तिने न विचारता एक पिशवी भरून फळं घेतली आणि त्याला बगळ्याच्या घरी घेऊन गेली. दार बगळीनेच उघडलं. केस मोकळे होते, पायात लोकरीचे मोजे होते, पोट अजून फारसं दिसत नव्हतं. तपासनीस पायरीवरच थांबला.

"लेबल मी कापलं होतं," बगळी म्हणाली, नमस्कार वगैरे काही न करता. "घरातच घालून बघितले होते, मानेला टोचत होतं. तेही विचारायचं राहिलं असेल तुमचं."

"मी माफी मागायला आलोय."

"मागा. तुम्ही माझ्याबद्दल कँटीनमध्ये चौकशी केलीत, ते मला अजिबात आवडलं नाही. आणि ते पट्टे ओढून बघायला लावलेत, ते फार बरं केलंत. काल मी रडले ते कशासाठी, तेच मला कळेना. दोन्ही ऐकून घ्या, आणि आत या, दारात गार वारा येतोय."

ते आत गेले. बगळा स्वयंपाकघरातून चहा घेऊन आला, सगळ्यांना कप दिले, तपासनीसालाही दिला. पण त्याच्याशी बोलला नाही. तपासनीसाने चहा संपवला आणि त्या घरात असेपर्यंत एकही प्रश्न विचारला नाही. बायकांचं बोलणं मात्र चांगलंच रंगलं. इस्पितळ, तिथले बाकीचे डॉक्टर, प्रसूतीच्या वेळी भूल घ्यावी की नको, यावर बगळीने एवढं विचारलं, की निघताना डॉक्टरने तिला आपला नंबर लिहून दिला.

डॉक्टरने रुंद पट्टे घेतले. आत्याने दोन्ही मांडून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला वेगाने उतरायचं नाहीये, आत्या. मला वरती जास्त वेळ राहायचंय." अरुंद पट्टे वाईट असं कोणी म्हणालं नाही. निम्मं मैदान पुढेही तेच वापरत राहिलं, आणि बगळ्याच्या स्वतःच्या जोडीत काहीच दोष निघाला नाही. फरक एवढाच पडला की आत्या आता डोळ्यांनी बघून समाधान मानत नव्हती. नवी जोडी आली की तुळई, पिशव्या आणि गाद्या. बनवणाऱ्यांना तिने असं खडसावलं म्हणतात, की त्यांनी त्या खेपेतले सगळे पट्टे परत मागवले.

डॉक्टर स्वतःच्या नव्या हार्नेसमध्ये तुळईला लटकली तेव्हा तपासनीस भिंतीपाशी उभा होता. तिने मूठ ओढली. लोण्यातून सुरी फिरावी तशी वायर निघाली आणि ती धपकन गादीवर पडली, आणि पडल्या पडल्या खळखळून हसली. त्याला वायर एकदा हातात घेऊन बघायची होती, हे तिला स्पष्ट दिसत होतं. "घ्या, बघा," ती म्हणाली, आणि त्याने बघितली.

नव्या पॅराशूटची पहिली उडी थंडीच्या एका कोरड्या सकाळी होती. विमानाकडे जायच्या आधी बगळा आला, नेहमीसारखी तिची तपासणी केली. या वेळी ती त्याच्याशी बोलत राहिली, बगळीच्या उलट्यांबद्दल, आणि बोटांकडे तिने बघितलं नाही. मग बगळा तपासनीसाच्या खुर्चीपाशी थांबला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"दुर्बीण आणलीत का?" त्याने विचारलं.

"आणलीय."

"निळी-पांढरी छत्री तिची. इतर कुठल्याकडे बघत बसू नका." एवढं बोलून तो लांब टांगा टाकत विमानाकडे गेला. त्याने माफ केलं होतं की नाही, ते त्याच्या बोलण्यावरून कळलं नाही, आणि तपासनीसाने ते शोधून काढायचा प्रयत्नही केला नाही.

विमान वर चढत ठिपक्याएवढं झालं. वरती दार उघडलं तेव्हा डॉक्टर चौकटीपाशी सरकली, खाली बघितलं, एकदा मागे बघितलं. बगळा तिथेच होता. तिने त्याच्याकडे पाठ केली आणि उडी मारली.